पॅनोरमा कॅमेऱ्यावर मामियाची १५० मिमी: लोणारच्या काठावरचं एक प्रकरण

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणाऱ्या छायाचित्रकाराचं हे प्रकरण. त्याच्याकडे फुजी टीएक्स-१ आहे आणि त्यावर एकच लेन्स, ४५ मिमी एफ/४. काम आलं ते एका मंगल कार्यालयाच्या भिंतीसाठी: लोणारच्या विवराचं आठ फूट लांबीचं चित्र, फिल्मवर काढलेलं. कॅमेरा या कामासाठीच जन्मला आहे असं वाटावं. ३५ मिमी फिल्मवर २४×६५ मिमीची एकच सलग फ्रेम, ३६च्या रोलमध्ये अशा २१ फ्रेम. हाच कॅमेरा १९९८ पासून हॅसलब्लाडच्या नावाने एक्सपॅन म्हणूनही विकला गेला.

पण पहिल्या रोलमध्येच अडचण दिसली. विवर साधारण १.८ किमी रुंद आहे. पूर्वेच्या काठावरून समोरचा पश्चिमेचा काठ टिपायचा, तर ४५ मिमीमध्ये त्या अंतरावर २.६ किमी रुंदीचा पट्टा येतो. पाण्यापासून काठापर्यंतची भिंत सुमारे १३७ मीटर धरली, तर २४ मिमी उंचीच्या फ्रेममध्ये ती जेमतेम ३.४ मिमी भरते. बाकी सगळं आभाळ आणि पाणी. या कॅमेऱ्यासाठी बनलेल्या लेन्स तीनच: ३०, ४५ आणि ९० मिमी. ९० मिमी मिळवली तरी भिंत सात मिमीच्या आतच राहते. १५० मिमीला मात्र ती ११.४ मिमी होते आणि फ्रेमची रुंदी ७८० मीटरवर येते. बेसाल्टचे थर, घळी, झाडी हे सगळं दिसायला लागतं ते इथे.

म्हणून बाहेरची लेन्स. आणि इथे पहिलंच मत स्पष्ट मांडायला हवं: या कॅमेऱ्यावर परकी लेन्स लावण्याचा खटाटोप ९० मिमीच्या पुढे जायचं असेल आणि विषय लांबचा असेल, तरच करावा. ५५ किंवा ८० मिमी लावता येते, पण त्या पट्ट्यात कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स रेंजफाइंडरशी, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेशी, जुळलेली असते. ती सोय सोडून मिळतं फार थोडं.

कोणती लेन्स पुरते

२४×६५ फ्रेमचा कर्ण ६९.३ मिमी. लेन्सचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे ती फिल्मवर टाकते त्या गोल प्रतिमेचा व्यास, किमान एवढं हवं. ३५ मिमी एसएलआरची लेन्स ४३.३ मिमीच्या हिशोबाने बनवलेली असते, त्यामुळे घरात पडून असलेली निकॉन किंवा पेंटॅक्सची झूम इथे चालत नाही. दोन्ही टोकं काळी येतात. शिफ्ट लेन्स, म्हणजे बाजूला सरकवता येणाऱ्या लेन्स, जवळ पोचतात. कॅननच्या २४ मिमी टीएस-ई दुसऱ्या आवृत्तीचं वर्तुळ ६७.२ मिमी आहे, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात मिलिमीटरभर कमी. पण तिचं डायफ्रॅम, म्हणजे भोक लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्या, विजेवर चालतं, त्यामुळे या कॅमेऱ्यावर तिचा ॲपर्चर बदलताच येत नाही.

६४५ या मिडियम फॉरमॅटची फ्रेम ५६×४१.५ मिमी, कर्ण ६९.७. हा आकडा आपल्या गरजेला जवळजवळ तंतोतंत बसतो. त्यामुळे मामिया ६४५, पेंटॅक्स ६४५, पेंटॅकॉन सिक्स, पेंटॅक्स ६७ या सगळ्यांच्या लेन्स वर्तुळाच्या परीक्षेत पास होतात. निवड मामिया-सेकॉर सी १५० मिमी एफ/३.५ ची झाली. कारण साधं होतं: लेन्सवरच ‘ए-एम’ची कळ आहे. कळ ‘एम’वर ठेवली की पाकळ्या ॲपर्चरच्या कड्याप्रमाणे लगेच मिटतात, कॅमेऱ्याच्या दांड्याची गरज पडत नाही. जुनी लेन्स घेताना ही कळ आहे का आणि पाकळ्या खरंच मिटतात का, हे आधी पाहावं. तेलाने चिकटलेल्या पाकळ्या उन्हाळ्यात हलतात आणि थंडीत अडकतात.

दुसरी गोष्ट अंतराची. लेन्सची बैठक ते फिल्म हे अंतर टीएक्स-१ मध्ये ३४.२७ मिमी, मामिया ६४५ मध्ये ६३.३ मिमी. फरक २९.०३ मिमी. एवढ्या लांबीची नळी मध्ये बसली की लेन्सला वाटतं आपण आपल्याच कॅमेऱ्यावर आहोत. पेंटॅकॉन सिक्स असती तर नळी ३९.८३ मिमीची लागली असती, पेंटॅक्स ६७ ला ५०.६८ मिमीची. नळी जितकी आखूड तितका लेन्सचा भार कॅमेऱ्याच्या बैठकीवर कमी, हाही मामियाच्या बाजूचा मुद्दा.

पहिली नळी का फसली

पहिला प्रयत्न स्वस्तातला होता. कॅमेऱ्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण मधोमध कापलं, त्यावर पीव्हीसीची नळी एपॉक्सीने चिकटवली आणि पुढे मामियाच्या जुन्या एक्स्टेन्शन रिंगचं (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणाऱ्या कड्याचं) तोंड बसवलं. पिनहोलसाठी ही युक्ती उत्तम आहे. १५० मिमीला नाही.

चित्र एफ/५.६ वर काढलं होतं, लेन्स अनंताच्या खुणेवर. निगेटिव्ह भिंगाखाली धरल्यावर उजवीकडचा काठ धारदार होता, मधला भाग मऊ आणि डावीकडचा पार धूसर. त्याच डाव्या कोपऱ्यात, अलीकडच्या उतारावर साधारण चाळीस मीटरवर एक बाभूळ होती; तिचे काटे मोजता येत होते. ही बाभूळच निदान सांगते.

नळी जास्त लांब झाली की अनंताच्या खुणेवर लेन्स अलीकडे फोकस करते. किती अलीकडे, ते सोपं आहे: फोकल लेंग्थचा वर्ग भागिले चूक. १५० मिमीला ०.१ मिमीची चूक म्हणजे २२५ मीटर, ०.३ मिमी म्हणजे ७५ मीटर. ८० मिमीला ०.१ मिमीतच ६४ मीटर. चाळीस मीटरला धार आहे याचा अर्थ त्या टोकाला नळी ०.५७ मिमीच्या आसपास लांब. उजवं टोक जवळपास बरोबर. म्हणजे मधोमध ०.३ मिमी जास्त आणि वर आडवा तिरपेपणा. कॅलिपरने मोजलं तर तेच निघालं: एपॉक्सीचा थर एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरने जाड. लक्षात ठेवायची बाब अशी की फिल्मवर प्रतिमा उलटी पडते. चित्रात डावीकडे धूसर असेल, तर कॅमेऱ्याच्या मागून पाहताना नळी उजवीकडे जाड असते. हे उलटं धरलं तर दुरुस्ती करताना चूक दुप्पट होते.

तिरपेपणाचा हिशोबही करून ठेवावा. ६० मिमी व्यासाच्या कड्यावर अर्धा मिमी फरक असेल, तर ६५ मिमी फ्रेमच्या दोन्ही टोकांना ±०.२७ मिमी पडतो. आठ फुटांच्या प्रिंटसाठी फिल्म ३७ पटींहून जास्त मोठी होते. फिल्मवरचा ०.०३ मिमीचा ठिपका प्रिंटवर मिलिमीटरभर होतो. तेवढा भिंतीवर चालतो. त्या हिशोबाने एफ/५.६ वर फोकसची सूट ±०.१७ मिमी, एफ/११ वर ±०.३३. म्हणजे हा तिरपेपणा एकटाच एफ/५.६ ची सूट खाऊन टाकतो. उभ्या दिशेने तेवढाच कल असता तर २४ मिमी उंचीत ±०.१ मिमीच पडला असता आणि कोणाच्या लक्षातही आला नसता. पॅनोरमा फ्रेम एका दिशेला क्षमाशील आणि दुसऱ्या दिशेला अजिबात नाही. शिवाय लेन्सच्या वजनाने प्लास्टिक प्रत्येक वेळी वेगळं वाकतं. त्यामुळे खाली काहीही ठेवून जुळवून घेतलं तरी पुढच्या वेळी तसं येत नाही.

दुसरी नळी: लेथवर

काम दोन ठिकाणी वाटलं. कॅमेऱ्याच्या बाजूचं बायोनेट, म्हणजे पाकळ्यांचं कडं, तालुक्याच्या लेथवर होत नाही; त्याला मिलिंग आणि डिव्हायडिंग हेड लागतं. ते ४५ मिमी लेन्सच्या मागच्या कड्याची मापं घेऊन नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये पितळेत करून घेतलं. लॉकच्या पिनची खाच नेमकी कुठे येते हे त्या कड्यावर आधीच खुणावून द्यावं लागतं, नाहीतर लेन्स लागते पण तिचे आकडे खाली तोंड करून बसतात. मामियाच्या बाजूचं तोंड जुन्या एक्स्टेन्शन रिंगमधून सोडवलं, तिच्या लॉकच्या कळीसह. त्या रिंगचे स्क्रू जपानी मापाचे असतात. साध्या फिलिप्स पेचकसाने डोकी झिजतात, म्हणून जेआयएस, म्हणजे त्याच जपानी मापाच्या टोकाचा पेचकस वापरावा.

मधली नळी तालुक्याच्या लेथवर. तिथे रोज पंपाचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरच्या बुशी होतात. “भाऊ, बुशीत इतकं कोणी पाह्यत नाही,” असं ऐकावं लागतं, आणि ते खरंही आहे. माप त्यांच्याच भाषेत सांगितलं की काम नीट होतं: दोन्ही तोंडांत दोन थाऊपेक्षा जास्त फरक नको. दोन थाऊ म्हणजे ०.०५ मिमी. त्याने टोकांना ±०.०३ मिमी पडतो, तो पचतो.

माल एचई-३० ॲल्युमिनियमचा गोल बार, ८० मिमी. जुने पिस्टन वितळवून ओतलेला माल घेऊ नये, त्यात भोकं निघतात आणि तिथून उजेड गळतो. खरी मेख चकमध्ये आहे. जुन्या तीन जबड्यांच्या चकमध्ये एक तोंड घासून, नळी उलटी धरून दुसरं घासलं की तीन-चार थाऊ तिरपं येतंच. म्हणून एकाच पकडीत बाहेरचा व्यास, आतलं बोअर आणि पहिलं तोंड करायचं. मग चकमध्येच एक मॅण्ड्रेल, म्हणजे नळी आतून धरणारा दांडा, टर्न करायचा, तो न काढता त्यावर नळी सरकवून दुसरं तोंड घ्यायचं. शेवटी मायक्रोमीटरने चार जागी जाडी पाहायची: घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ वर.

लांबीचा हिशोब असा झाला. पितळी कड्याची जाडी ४.०० मिमी, मामियाच्या तोंडाची ५.१२. २९.०३ मधून दोन्ही वजा केले की १९.९१ उरतात. नळी मात्र मुद्दाम १९.८१ ला कापली. आखूड नळीत लेन्स अनंताच्या पलीकडे जाते, तेव्हा फोकसचं कडं थोडं मागे घेतलं की काम होतं; लांब नळीला उपायच नाही. उरलेले ०.१० मिमी शिमने, म्हणजे फटीत घालायच्या पातळ पत्र्याने, भरायचे. ऑटो पार्ट्सच्या दुकानात शिमचा पत्रा मिळतो. तो नसेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, रंग खरवडून मायक्रोमीटरने मोजून घ्यावा. कागद वापरू नये. तो दबतो आणि पावसाळ्यात फुगतो.

रंगाने घोळ होतो तो इथेच. आतून चकाकणारं ॲल्युमिनियम चित्रावर पांढुरका पडदा आणतं, म्हणून नळीच्या आत बारीक आटे पाडून त्यावर मॅट काळा रंग द्यावा. फळ्याचा रंग चालतो. पण तोच रंग तोंडांवर चढला की दोन तोंडांचा मिळून सहज दशांश मिलिमीटर वाढतो आणि शिमचा सगळा हिशोब बिघडतो. तोंडांना टेप लावूनच रंगवावं. नंतर नळी पेट्रोलने धुऊन वाळवावी, आट्यांतला किस ब्रशने काढावा. ॲल्युमिनियमचा एक तुकडा शटरच्या पडद्यात गेला तर दुरुस्ती नळीच्या कितीतरी पट महाग पडते. पुसायला कापूस किंवा सुती चिंधी नको, तिचे तंतू आट्यांत अडकतात.

उन्हाचा प्रश्न इथे हमखास निघतो. २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत २९ मिमी ॲल्युमिनियम ०.०१७ मिमी वाढतं. एफ/३.५ च्या ±०.१ मिमीच्या सुटीतही ते नगण्य आहे. त्याची काळजी सोडावी.

फोकस तपासणं

घासलेली काच ३४.५ मिमी रुंद आणि ७५ मिमी लांब कापून घ्यावी, म्हणजे ती बाहेरच्या पट्ट्यांवर न चढता फिल्म जिथे टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर बसते. घासलेली बाजू लेन्सकडे. बाहेरच्या पट्ट्यांवर टेकवली तर माप सुमारे ०.२ मिमी चुकतं आणि मग बरोबर नळीही चुकीची वाटते. दार उघडं, शटर ‘बी’वर, बटण दाबून धरून दहा पट भिंगाने पाहावं. लक्ष्य म्हणून किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर उत्तम. संध्याकाळी त्याचा लाल दिवा ठिपक्यासारखा दिसतो. फ्रेमच्या मध्यावर, डाव्या आणि उजव्या टोकाला असं तिन्हीकडे पाहावं. धूसरपणा नळीचा की फिल्मच्या बैठकीचा असा संशय आला, तर ४५ मिमी लावून त्याच टोकाला पाहावं. तिच्यातही तीच बाजू मऊ असेल तर नळीचा दोष नाही.

याच काचेवर आणखी एक परीक्षा करता येते, आणि बहुतेकजण ती टाळतात. वर्तुळ पुरेसं असूनही कोपरे काळे येऊ शकतात, कारण लेन्सचा प्रकाश कॅमेऱ्याच्या गळ्यातून, म्हणजे बैठकीच्या भोकातून, जावा लागतो. समजा लेन्सचा मागून दिसणारा डायफ्रॅम फिल्मपासून ११० मिमीवर आहे. कोपऱ्याकडे जाणारा मधला किरण गळ्याच्या पातळीवर मध्यापासून २३.९ मिमीवर असतो. त्यात प्रकाशाच्या शंकूची निम्मी रुंदी मिळवा: एफ/३.५ ला ४.९ मिमी, एफ/११ ला १.६. म्हणजे उघड्या ॲपर्चरला २८.८ मिमी त्रिज्येचा मोकळा गळा हवा, एफ/११ ला २५.५ पुरतो. डायफ्रॅम जितका लांब दिसतो, तितका गळा जास्त लागतो. आकडेमोड नको असेल तर काच काढून फ्रेमच्या कोपऱ्यात डोळा आणून लेन्सच्या दिशेने पाहावं. डायफ्रॅमचं भोक पूर्ण गोल दिसलं तर कोपरा स्वच्छ येईल; बाजूने कापलेलं दिसलं तर कापणारी कड कुठली हेही तिथेच कळतं. या लेन्सला एफ/३.५ वर भोक बदामासारखं कापलेलं दिसलं, एफ/११ वर गोल. त्यामुळे काम एफ/११ वरच करायचं ठरलं.

विवराच्या काठावर

रेंजफाइंडर आता काही सांगत नाही. परकी लेन्स त्याच्या दांड्याला हलवतच नाही. अंतर लेन्सच्या कड्यावरून घ्यायचं. १५० मिमीला एफ/११ वर ०.०३ मिमीच्या कसोटीने हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस ठेवला की अनंतही चालण्याजोगं येतं ते अंतर, ६८ मीटर. कडं तिथे ठेवलं की ३४ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं येतं. पण समोरचा काठ १.८ किमीवर आहे आणि मधल्या हवेत काही नाही, तेव्हा थेट अनंतावर ठेवणं जास्त बरं. अलीकडची झुडपं फ्रेमबाहेर ठेवावीत. जवळच्या विषयासाठी आधी ४५ मिमी लावून रेंजफाइंडरने अंतर जुळवावं, तिच्या कड्यावर आकडा वाचावा आणि तोच १५० वर लावावा. दहा-बारा मीटरच्या पुढे ही युक्ती विरळ होत जाते.

चौकट जुळवायला पुठ्ठ्यात ६५×२४ मिमीची खिडकी कापून ती डोळ्यापासून १५० मिमीवर धरावी. दोरीला गाठ मारून ठेवली की अंतर चुकत नाही. व्ह्यूफाइंडरमधल्या कुठल्याही चौकटीपेक्षा ही खरी निघते.

लेन्समधून मोजणारा मीटर काम करतो, फक्त कळ ‘एम’वर आणि ॲपर्चर मिटलेलं असावं. ४५ मिमीला टोकं जवळपास सव्वा स्टॉप अंधारतात, म्हणून तिच्यावर सेंटर फिल्टर, म्हणजे मध्यावर गडद असलेला फिल्टर, लावतात. १५० ला टोकांचा उजेड नऊ टक्क्यांच्या आसपासच कमी होतो. फिल्टरची गरज नाही. आभाळ एकसारखं येतं, आणि हा लांब लेन्सचा मोठा फायदा आहे.

वेळ मात्र हवेने ठरवायची. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहिलं की ऊन पाठीमागून येतं आणि पश्चिमेची भिंत उजळते. उन्हाळ्यात दगड तापला की समोरचा काठ थरथरायला लागतो. ४५ मिमीला ते दिसत नाही, १५० ला रेषाच मोडतात. पाऊस सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस उत्तम: हवा धुतलेली, झाडी हिरवी. काठावर वारा असतो. लेन्स आणि नळीमुळे वजन पुढे जातं, म्हणून कॅमेऱ्याखाली लांब प्लेट घालून नळीखाली रबर लावलेला लाकडी गुटका ठेवला. भार बायोनेटवर न पडता ट्रायपॉडवर गेला. वेग १/१२५ किंवा त्याहून जास्त, नाहीतर पूर्ण सेकंद. मधले १/८ ते १/३० टाळावेत. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली. परिसर अभयारण्यात येतो, त्यामुळे ट्रायपॉड घेऊन उतारावर शिरण्याआधी वनविभागाला विचारावं.

फिल्म धुवायला मोठ्या शहरात पाठवताना डबीवर ठळक लिहावं: ‘रोल कापू नये’. लॅबचं यंत्र ३६ मिमीच्या हिशोबाने कापतं आणि ६५ मिमीची फ्रेम मधोमध जाते. स्कॅनरच्या ३५ मिमी पट्टीत ही फ्रेम मावत नाही. फ्लॅटबेडवर मिडियम फॉरमॅटच्या पट्टीत फिल्म सपाट बसवून घ्यावी. ३२०० डीपीआयला रुंदीत सुमारे ८,१९० पिक्सेल मिळतात, म्हणजे आठ फुटांवर इंचाला ८५. सहा-सात फुटांवरून पाहायला तेवढे पुरतात. उंची तीन फुटांना किंचित कमी येते, तेव्हा चौकट करणाऱ्याला माप प्रिंट हातात आल्यावरच द्यावं.